सहाव्या परसातल्या गारगोट्या

आमच्या मळ्यातली विहीर १९८४ च्या उन्हाळ्यात खोदली. तेव्हा आमच्या सिन्नर तालुक्यात विहिरीची खोली कुणी फुटात सांगत नसे, परसात सांगत. एक परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. पहिला परस मातीत गेला, दुसरा मुरमात. मुरमात टिकाव चांगला चालतो, त्यामुळे तिथपर्यंत सगळे खुशीत होते. तिसऱ्या परसाला काळा पाषाण लागला आणि नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तोंड उतरलं. काळ्या पाषाणाला सुरुंग लागतो, आणि सुरुंगाला पैसे लागतात. कर्जाचा हप्ता आधीच संपला होता. आईची पोत गहाण पडली ती याच काळात.

पाचव्या परसाच्या शेवटी वीतभर जाडीचा लाल गेरू लागला. टोळीचा मुकादम म्हणाला, "आता मांजऱ्या लागंल बघा." आणि लागलाच. मांजऱ्या म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेला, भुसभुशीत, पहारीला दाद देणारा खडक. त्याच्यातून पाणी झिरपतं. सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मांजऱ्यात सुरुंग उडवला, धूर बसल्यावर गडी खाली उतरले आणि खालून ओरडले, "नाना, इथं घर निघालंय!"

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा. यारीच्या दोराला धरून खाली उतरलो. खडकात एक माणूस बसेल एवढी पोकळी उघडी पडली होती. बॅटरी मारली, तर आतून सगळी भिंत चमकली. फिक्या हिरव्या रंगाचे चौकोनी खडे, काचेसारखे, पैलू पाडल्यासारखे. त्यांच्या मधून पिवळसर गुलाबी पानांच्या जुड्या बांधाव्यात तसे मऊ चमकीचे गुच्छ. काही ठिकाणी सुईसारख्या पांढऱ्या काड्या. हात लावला की मोडायच्या. बरंचसं सुरुंगाने आधीच फुटलं होतं.

नानांनी वरून विचारलं, "काय रं, काय हाये?"

मी म्हणालो, "काही नाय, गारगोट्या."

हे नाव मी ठेवलं. ते कुणी फसवून आमच्या तोंडी घातलेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

चार दिवसांनी मोटारसायकलवर एक माणूस आला. खडीच्या खाणींवर फिरणारा, असले दगड घेणारा. त्याने ढिगाभोवती एक चक्कर मारली, दोन-चार खडे उचलून पाहिले आणि म्हणाला, "गारगोट्याच आहेत. पोत्याला पंच्याहत्तर देतो." नानांना वाटलं, देव पावला. टाकायचा माल, वर पैसे! चार पोती भरली, तीनशे रुपये आले, त्यात दोन दिवसांची मजुरी भागली. पुढं विहिरीला पाणी लागलं, कांदा झाला, पोतही सुटली.

पण एक गोष्ट आईने त्या दिवशीच पाहिली होती. त्या माणसाने पोती भरताना प्रत्येक दगड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, मध्ये भाताचं पिंजर घातलं, आणि फुटकं एकही घेतलं नाही. तो गेल्यावर आई म्हणाली, "गारगोटीला कुणी कागद गुंडाळतं व्हय?" आम्ही हसलो. आईने त्यातलाच एक पसाभर गुच्छ आधीच उचलून तुळशीपाशी ठेवला होता.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळायला वीस-बावीस वर्षं लागली. शिक्षण दहावी. पण वाचनाची खोड होती आणि दगडांच्या नावांनी डोकं धरलं होतं. तालुक्याच्या वाचनालयात, मुलाच्या कॉलेजच्या पुस्तकांत, जिथं मिळेल तिथं वाचत गेलो. त्यातून जे समजलं ते असं, की दगडाच्या नावावर विश्वास ठेवून फसलेले आम्ही पहिले नव्हतो. या धंद्यातली निम्मी नावंच फसवी आहेत.

पहिलं फसवं नाव तर आमच्या शाळेतच होतं. भूगोलात होतं, महाराष्ट्राचा बराचसा भाग 'डेक्कन ट्रॅप'वर वसला आहे. इंग्रजीच्या तासाला ट्रॅप म्हणजे सापळा शिकवलेला. मी कित्येक दिवस समजत होतो की दख्खनचा सापळा म्हणजे मराठ्यांनी औरंगजेबाला अडकवला तसलं काहीतरी असेल. खरं म्हणजे हा शब्द स्वीडनच्या भाषेतला आहे, 'ट्राप्पा', म्हणजे जिना. सह्याद्रीचे डोंगर लांबून बघा, पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३३ मध्ये आपल्या या खडकाला हे नाव वापरलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. एकेक थर म्हणजे एकेक पायरी. आजही पाचेक लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे.

हे वाचलं आणि आमची विहीर मला पहिल्यांदा समजली. लाव्हाच्या थराचा मधला भाग घट्ट, तो काळा पाषाण. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ, तो मांजऱ्या. दोन थरांच्या मध्ये जो काळ गेला त्यात वरचं तोंड कुजून माती झाली, मग नवा लाव्हा येऊन ती भाजली, तो लाल गेरू. म्हणजे गेरू लागला की एक पायरी संपली आणि खालच्या पायरीचा पोकळ माथा जवळ आला. मुकादमाला लाव्हा माहीत नव्हता, पण त्याच्या शब्दांत हे सगळं शास्त्र होतं. 'मांजऱ्या' हे नाव पुस्तकात शोभत नसेल, पण ते त्याला पाणी दाखवत होतं. आणि त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांतून पुढं गरम पाणी फिरलं, त्यात विरघळलेली द्रव्यं भिंतींवर बसत गेली, त्यांचे झाले स्फटिक. आमचं 'घर' म्हणजे लाव्हातला एक मोठा बुडबुडा होता.

दुसरं फसवं नाव रोज आपल्या खिशाला असतं. शिसपेन्सिल. तिच्यात शिसं कणभर नाही. इंग्लंडात बॉरोडेल गावाजवळ सोळाव्या शतकात एक काळा, कागदावर ओढला की उमटणारा पदार्थ सापडला. लोकांनी रंगावरून त्याला शिशाचा प्रकार ठरवलं. पुढं १७७९ मध्ये शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं, की हा शिशाचा भाऊ नसून कोळशाचा आहे, म्हणजे कार्बन. नंतर त्याला ग्रॅफाईट हे नवं नाव मिळालं. पण जुनं नाव सात समुद्र ओलांडून मराठीत येऊन बसलं होतं. ते काही उठलं नाही.

जर्मनीतल्या खाणकामगारांची नावं तर शिव्याच आहेत. त्यांना एक तांबूस धातुपाषाण सापडायचा. तांबंच वाटायचं. भट्टीत घातला की तांबं निघायचं नाही, विषारी धूर मात्र निघायचा. ते म्हणायचे, ही निकेल नावाच्या खोडकर भुताची करणी. नाव ठेवलं 'कुफरनिकेल', भुताचं तांबं. १७५१ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट या माणसाने तसल्याच दगडातून वेगळाच धातू काढला आणि त्याचं नाव ठेवलं निकेल. भुताचं नाव राहिलं ते राहिलंच. आपल्याकडचे १९८० च्या आसपासचे रुपये तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचे होते. त्या भुताला आपण कनवटीला बांधून बाजारात नेत होतो.

दुसरा एक दगड शिशाच्या खनिजासारखा चमके, पण त्यातून शिसं निघत नसे. त्याला ते 'ब्लेंड' म्हणत, म्हणजे डोळ्यांना फसवणारा. नंतर पंडितांनी त्याला स्फॅलेराईट असं भारदस्त ग्रीक नाव दिलं. त्याचाही अर्थ दगाबाजच. आणि हा दगाबाज दगड कशाचा? तर जस्ताचा. युरोपात त्याला शिव्या पडत होत्या, त्या काळाच्याही आधी आपल्याकडे उदयपूरजवळच्या जावरच्या खाणीत याच खनिजातून जस्त गाळलं जात होतं. मातीच्या मुशी उलट्या ठेवून वाफ खाली उतरवायची आणि थंड करायची, अशी ती रीत होती. इंग्लंडात जस्त गाळायचं पेटंट झालं ते १७३८ मध्ये. म्हणजे दगड दगाबाज नव्हता. तिकडच्यांना त्याच्याकडून शिसं पाहिजे होतं आणि तो जस्त देत होता, एवढंच. आज आमच्या भागात मक्याची पानं पांढुरकी पडली, की आम्ही झिंक सल्फेट टाकतो. त्यातलं झिंक म्हणजे हेच जस्त.

तिसरा दगड शेतकऱ्याला सगळ्यांत जवळचा. त्याचं नाव अॅपेटाईट. १७८६ मध्ये व्हेर्नर या जर्मन शिक्षकाने ते ठेवलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'मी फसवतो', कारण तो कधी एका रत्नासारखा दिसे, कधी दुसऱ्या. रत्न समजून घ्यावा आणि निघावा साधाच. पण या साध्या दगडात फॉस्फरस असतो. १८४२ मध्ये लॉज या इंग्रज जमीनदाराने हाडांवर आणि असल्या दगडावर गंधकाचं आम्ल टाकून सुपर फॉस्फेट बनवण्याचं पेटंट घेतलं, आणि रासायनिक खताचा धंदा सुरू झाला. आपल्याकडे उदयपूरजवळच झामरकोटडा इथं या फॉस्फेट दगडाची मोठी खाण आहे. जो रत्न नाही म्हणून फसवा ठरला, त्याच्यावर आज जगाची शेती उभी आहे.

खताच्या गोणीचाही एक हिशेब सांगून टाकतो. डीएपीच्या गोणीवर १८:४६:० लिहिलेलं असतं. आपण म्हणतो, शंभर किलोत ४६ किलो स्फुरद. पण हा आकडा स्फुरदाच्या ऑक्साईडच्या हिशेबात लिहायची जुनी चाल आहे. शुद्ध फॉस्फरस मोजला तर तो वीस किलोच्या आसपास भरतो. पालाशचंही तसंच. म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीवर ६० आकडा असला, तरी शुद्ध पोटॅशियम पन्नासच्या घरात. हे मला कळलं तेव्हा मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. मग कृषी सहाय्यकाने समजावलं, "काका, आम्ही एकरी मात्रा सांगतो तीही त्याच हिशेबात. कुणी फसत नाही."

मला ते पटलं, आणि त्यावरून एक गोष्ट उमगली. नाव फसवं असलं म्हणून माणूस फसतोच असं नाही. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही आतलं माहीत असेल, तर शिसपेन्सिल म्हणा नाहीतर ४६ म्हणा, व्यवहार सरळ होतो. एकालाच माहीत असेल तर मात्र साधं, खरं वाटणारं नावसुद्धा सापळा होतं. आमच्या ढिगापाशी दोन माणसं एकच शब्द बोलत होती, गारगोटी. नाना म्हणत होते तेव्हा त्यांना तेवढंच माहीत होतं. तो म्हणत होता तेव्हा त्याला दुसरंही नाव माहीत होतं.

ते दुसरं नाव मला मिळालं सिन्नरलाच. तिथल्या औद्योगिक वसाहतीत खनिजांचं एक संग्रहालय झालं, आणि त्याचं नाव काय? 'गारगोटी'! नातेवाइकांबरोबर बघायला गेलो. आत काचेच्या कपाटात, दिव्यांच्या उजेडात, आमची विहीर मांडलेली. म्हणजे आमच्याच विहिरीतले दगड होते असं नव्हे, पण तेच हिरवे खडे, त्याच गुलाबी जुड्या, त्याच सुया. शेजारी कागदावर नावं. हिरव्याचं अॅपोफिलाईट, जुड्यांचं स्टिल्बाईट, सुयांचं स्कोलेसाईट. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. मुलगा म्हणाला, "दादा, चला ना." पाय निघेना.

गारगोटी म्हणजे खरं तर क्वार्ट्झच्या जातीचा कठीण दगड, ज्यावर ठिणगी पडते तो. आमच्या विहिरीतले हे दगड त्या जातीचेच नव्हेत. यांच्यावर ठिणगी पाडायला जावं तर यांचाच चुरा होईल. यातल्या बहुतेकांचं कुळ झिओलाईट. हे नाव त्याच क्रोनस्टेटचं, ज्याने भुताच्या तांब्यातून निकेल काढलं. १७५६ मध्ये त्याने असला एक दगड फुंकणीच्या ज्योतीवर धरला, तर दगड फसफसला, उकळल्यासारखा फुगला. आत पाणी कोंडलेलं होतं. म्हणून झिओलाईट, म्हणजे उकळणारा दगड. दगडात पाणी असतं, ही गोष्ट विहीर खोदणाऱ्या माणसाला किती जवळची वाटते बघा.

इथंही नावांचा घोळ आहेच. अॅपोफिलाईट झिओलाईटांच्या मांडीला मांडी लावून बसतं, त्यांच्याच पेटीतून विकलं जातं, पण ते झिओलाईट नाही. स्टिल्बाईट आणि ह्यूलंडाईट हे दोन सख्खे वाटणारे दगड. १८२२ मध्ये ते वेगळे धरले गेले, पण जर्मन लोक पुढं कित्येक वर्षं एकालाच दुसऱ्याचं नाव लावत होते. आपल्या पुण्याच्या नावाने तर 'पूनालाईट' असं एक खनिज १८३१ च्या सुमारास जाहीर झालं होतं. पुढं कळलं, ते नवं नाहीच, आधी माहीत असलेल्या जातीतलंच आहे. पुण्याचं नाव यादीतून गेलं. त्याची भरपाई दीडशे वर्षांनी झाली म्हणायची. वाघोलीच्या दगडखाणीत मोरपिशी निळ्या रंगाचं कॅव्हन्साईट सापडलं. ते आधी अमेरिकेत सापडलेलं होतं, पण वाघोलीसारखं सुंदर कुठंच नाही असं जाणकार म्हणतात. त्याच्या नावात मात्र काही लबाडी नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट, या तिघांची आद्याक्षरं जोडली आहेत.

आपले हे दगड जगाला कळले ते रेल्वेमुळे. बोरघाटाचं काम १८५६ ते १८६३ चाललं. डोंगर फोडताना असलीच घरं उघडी पडली आणि त्यांतले स्फटिक बोटीने युरोपातल्या संग्रहालयांत गेले. घाट फोडणारे हात आपल्याच माणसांचे. त्यांनीही त्याला गारगोटीच म्हटलं असणार. म्हणजे नानांच्या सव्वाशे वर्षं आधीपासून हा व्यवहार असाच चालला होता.

सरकारी दप्तरातली नावंही जाता जाता सांगितली पाहिजेत. माती, मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड यांना कायद्यात नाव आहे 'गौण खनिज'. १९५७ च्या खाण कायद्यातला हा शब्द. २०१५ मध्ये केंद्राने आणखी ३१ खनिजं गौण केली, त्यात अभ्रक आणि जिप्समसुद्धा आलं. गौण म्हणजे बिनमहत्त्वाचं असं आपण समजतो, पण कायद्यात त्याचा अर्थ एवढाच, की त्याचे नियम राज्याने करायचे. नदीकाठच्या गावाला विचारा, वाळू गौण आहे का? ती गेली की विहिरी आटतात, रात्री ट्रक अडवणाऱ्याचं डोकं फुटतं. आणि हे सगळं मोजायचं माप 'ब्रास'. पितळेशी काही संबंध नाही. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. माझ्या मेहुण्याला पहिल्यांदा दंडाचा कागद आला, तेव्हा तो गावभर सांगत सुटला होता, "आमच्याकडं पितळ कुठून आलं?"

आणि खरं बोलायचं तर, नाव माहीत असतं तरी नाना श्रीमंत झाले असते असं नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात ४८ वं कलम आहे. त्यात जमिनीतल्या खनिजांवर सरकारचा हक्क सांगितलेला आहे. शिवाय निम्मे दगड सुरुंगाने फुटलेले होते. मला त्या तीनशे रुपयांचं दुःख नाही. त्या पैशावर विहीर पुढं गेली. दुःख याचं, की साडेसहा कोटी वर्षांचं घर आमच्या मळ्यात उघडलं, मी बॅटरी घेऊन त्याच्या दारात उभा होतो, आणि नानांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, 'काही नाय'.

आता गंमत बघा. कृषी सेवा केंद्रात झिओलाईटची पोती आली आहेत. जमीन सुधारते म्हणून विकतात. आमच्याच मांजऱ्याच्या ठिपक्यांचं कुळ आम्ही पैसे देऊन शेतात टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याची विहीर चालू होती. दुपारी त्याचा फोन आला, "काका, गेरू संपला, मांजऱ्यात घर निघालंय. एक जण बघायला आलाय, म्हणतो गारगोट्या आहेत." मी गाडी काढली आणि जाता जाताच त्याला सांगितलं, सुरुंग थांबव. आतले फोटो काढ. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात पाठव, नाव विचारून घे. तलाठ्याच्या कानावर घाल. विकायचं, ठेवायचं, कुणाला द्यायचं, ते मग ठरव.

आई जाऊन बारा वर्षं झाली. तुळशीपाशी ठेवलेला तिचा दगड अजून तिथंच आहे. पावसाने चमक थोडी गेली, पण जुडी शाबूत आहे. पुतण्याला मी शेवटी तिचीच परीक्षा सांगितली. तो माणूस काय म्हणतो याच्याकडं लक्ष देऊ नको, म्हटलं, त्याच्या हाताकडं बघ. दगड कागदात गुंडाळायला लागला, की समज, त्याला त्याचं दुसरं नाव माहीत आहे.